काळ्यापांढऱ्या फ्लेक्सवरचा मी

"अबे केशव, आठ दिवस मेलेला राहा ना यार! अल्बम तरी निघू दे!"

हे कोण म्हणलं? आमच्या बँडचा ड्रमर, ओवैस! माझा जिगरी!

"तूच मर की!" मी गिटारच उचलली.

प्लॅन माझाच होता, अन् एक नंबर होता. अल्बमच्या आधी एक गाणं सोडायचं अन् शहर हलवायचं! आता फ्लेक्सशिवाय आमचं शहर हलत नाय. पण फ्लेक्सवर सगळे दात काढून, कानाला मोबाईल लावून उभे! आपण रॉकवाले. आपला फोटो काळापांढरा. हसायचं नाय, आभाळाकडं बघायचं. खाली नाव अन् गाण्याची तारीख. बास! औरंगपुऱ्यातल्या कचरू फ्लेक्सवाल्याला फोटो धाडला.

त्यानं विचारलंसुद्धा नाय. काळ्यापांढऱ्याला त्याच्याकडं एकच तयार डिझाईन! दोन समया, झेंडूचा हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सकाळीच चौकात टांगला!

भांडायला गेलो तर म्हणतो, "भाऊ, थोडं हसला असता तर वाढदिवसाचा केला असता!"

तोवर गाणं सुटलं होतं. आमच्या मावश्या सोडल्या तर आम्हाला कुत्रं ऐकत नव्हतं, आता अख्खं शहर रडत रडत ऐकायला लागलं! नववीत मला 'वाया गेलेला' म्हणणाऱ्या सरांनी गाण्याखाली कमेंट लिहिली, 'गुणी विद्यार्थी होता'!

ओवैसनं माझा फोन बंद करून खिशात घातला. "मेलेला माणूस फोन उचलतो का?"

मी पण गप बसलो. शाळा सोडली तवा पप्पा म्हणलं होतं, "आजपासून तू मला मेला!" तवापासून प्रॅक्टिसच्या खोलीतच झोपतो. बघू दे म्हणलं त्यांना फ्लेक्स!

अन् आत्ता चारुता आली, आमची बेस गिटारवाली. तोंड पांढरंफटक.

"केशव, तुझे पप्पा सरकारी दवाखान्यात आलेत. फ्लेक्सचा फोटो बघून, चितेगावहून, कंपनीच्या ड्रेसवरच. शवागारात."

"कशाला?"

"तुला न्यायला. तुझ्या नावाचं कुणी सापडंना, म्हणून बेवारस पोरांच्या चादरी उचलून बघतायत. एकेक."

ओवैसनं खिशातनं माझा फोन काढून दिला. मी पप्पांना लावला.

"पप्पा, मी बोलतोय. केशव!"

तिकडून चादर ओढल्याचा आवाज.

"पप्पा?"

"व्हय... कुठं ठेवलंय तुला?"

फोन कटला. पुन्हा लागंना! ओवैस, स्कुटीची चावी दे बे!... दिली. सरका, मला निघायचंय.