डोन्या आल्ताची बाळंतीण

इस्त्री केल्यावर फ्रिज उघडायचा नाही. तापलेल्या अंगाला गार हवा लागली की तोंड कायमचं वाकडं होतं, असा डोन्या आल्ताचा ठाम सिद्धांत होता. मला तो कळला, ती पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा. केस सेट केलेले, लाल लिपस्टिक, दोन्ही हात टॉवेलात गुंडाळलेले.

"मी आमोर, चल, माझा फ्रिज उघडून दे. दूध हवंय."

'मी आमोर' म्हणजे 'माझ्या लाडके'. आमची ओळखही नव्हती!

रॉटरडॅमला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. नवरा, सुहास, सकाळीच ट्रेनने स्लोटरडाइकच्या ऑफिसला जायचा. आमच्या इमारतीत कॉफीला बोलवायचं तरी लोक आधी डायरी उघडायचे. इथे ही शेजारीण मला थेट आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. दूध काढून दिल्यावर कॉफी मिळाली आणि सोबत चौकशी: आई कशी आहे, बहिणीचं जमलं का, तुला मूल कधी? मला एकदम पुण्यात असल्यासारखं वाटलं.

ती डोमिनिकन, समुद्रापलीकडच्या एका बेटावरची. 'डोन्या' म्हणजे साधारण आपलं 'बाई'. ते न लावता नुसतं आल्ता म्हटलेलं तिला खपत नसे. कोपऱ्यावर तिचं केस सेट करायचं छोटंसं दुकान होतं. 'आओरिता येते', म्हणजे 'आत्ता येते', असं ती म्हणाली की पाच मिनिटांत यायची, किंवा परवा. भात मात्र नेहमी 'जो येईल त्याच्यासाठी' जास्तीचा टाकलेला.

तिसऱ्या मजल्यावरचे एक डच गृहस्थ लिफ्टमध्ये बुटांकडे बघत उभे राहायचे. ही रोज विचारायची, "आई कशी आहे?" शेवटी एकदा ते कंटाळून म्हणाले, "पडली. पण बरी आहे." संध्याकाळी त्यांच्या दारात राजम्याचं पातेलं हजर!

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. आईचं तिकीट काढलं होतं, आणि बाळंतपण तोंडावर आलं असताना ती घसरून पडली. पाय प्लास्टरमध्ये. मी रडत असताना डोन्या आल्ता आली.

"तुमच्यात बाळंतीण किती दिवस सांभाळतात?"

"सव्वा महिना."

"आमच्यात चाळीस दिवस. मग रडतेस कशाला? एकच तर आहे!"

मुलगी झाली. घरी आल्यावर पहिला आठवडा आन्के नावाची डच मदतनीस यायची. बाळंतिणीकडे अशी बाई पाठवायची इथे पद्धतच आहे. आन्के खिडकी उघडायची, डोन्या आल्ता बंद करायची. आन्के म्हणायची, "ताजी हवा!" ही म्हणायची, "वारा!" आन्केने मला न्हायला सांगितलं, तेव्हा जिचं पोटच लोकांचे केस धुण्यावर चालतं ती बाई "चाळीस दिवस डोक्याला पाणी नाही!" म्हणत दार अडवून उभी राहिली. सुहास म्हणाला, "मी ऑफिसला जातो." शेवटी तह झाला. हॉलची खिडकी आन्केची, माझी खोली आणि माझ्या कानांवरचा स्कार्फ डोन्याचा. निरोप घेताना आन्केने भाताच्या तळाची खरवड मागून डब्यात भरून नेली.

त्यानंतरही डोन्या सकाळपासून आमच्याकडेच. एकदा मी म्हटलं, "डोन्या, दुकानाचं काय?"

"बंद."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मायदेशी राहणारी तिची मुलगी, यानिरिस. त्यांच्याकडे मुलं आईशी बोलताना आधी आशीर्वाद मागतात. हिने तो दिला आणि फोन माझ्या रडणाऱ्या मुलीजवळ धरला. पलीकडून हसू ऐकू आलं, मग एका लहान मुलाची बडबड.

"नातू?" मी विचारलं.

"दीड वर्षाचा झाला. मी अजून पाहिला नाही." ती दुपट्याच्या घड्या घालू लागली. "तेव्हा दुकान नवीन होतं. म्हटलं, बंद कसं ठेवू? यानिरिसने चाळीस दिवस एकटीने काढले. तिचे कान कोणी बांधले असतील, देव जाणे."

मी मुलीला उचलून मांडीवर घेतलं.

"दुकान बंद ठेवता येतं," ती म्हणाली. "मला तेव्हा वाटलं, नाही येत."

मग तिने माझा सैल झालेला स्कार्फ सोडला आणि कानांवरून नीट, घट्ट बांधला.