भरताच्या धुरात उतरलेलं विमान

तुम्हाला हे पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो! पण या लोटन नानाने सोनगीरच्या किल्ल्याला आभाळातून प्रदक्षिणा घातली आहे. काल डेअरीच्या ओट्यावर पंधरा माणसांना सांगितलं, तस्संच इथे लिहितो.

शहाऐंशी साली आमच्या फवारणी संघाने कपाशीवर औषध मारायला एक जुनं विमान आणलं. इंग्रजांच्या वेळचं! एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाडा, वर कापड. फाटलं की गावचा शिंपी लुगड्याचं ठिगळ मारी. आवाज डाळ मिलचा आणि नशीब फुटक्या मडक्याचं! पहिल्याच दिवशी ते बाभळीत शिरलं. पुढे शिरपूरजवळ त्याचं एक चाक गळालं आणि विमानाच्या आधी जमिनीवर पोचलं. पोळ्याला तर औषध मिरवणुकीवर पडलं. सजवलेले बैल दोन दिवस शिंकत होते!

शेवटी डिसेंबरात मुंबईचे साहेब तपासणीला आले. "रविवारी उडवून दाखवा. धड उतरलं तर ठेवा. मोडलं तर भंगारात!"

पायलट धनसिंग भाऊंचं तोंड उतरलं. पन्नाशी उलटलेला माणूस. विमान गेलं की नोकरी गेली. मला म्हणाले, "नाना, तुम्ही पुढे बसा. वजन लागतं."

"वजन म्हणून नेता मला?"

"मग काय, अक्कल म्हणून?"

उतरायची पट्टी माळावर होती. वरून सापडावी, वारा कळावा, म्हणून तिथे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, पेटवायच्या. धूर दिसला की उतरायचं. सोपं काम!

उडालो. दहा मिनिटं झकास गेली. मग इंजिन खोकलं.

"भाऊ, काय झालं?"

"पेट्रोल गळतंय! धूर शोधा, नाना!"

खाली पाहिलं, तर काय! एक नाही, नऊ धूर! थंडीतला रविवार होता हो! मळ्यामळ्यात भरताच्या पार्ट्या, आणि आमच्याकडे वांगी भाजतात ती पऱ्हाट्यांवरच! हे आम्हा दोघा खान्देशी शहाण्यांना आधी सुचलं नाही.

"आपला कोणता?"

"डावीकडचा!"

"तिथे विहीर आहे, नाना!"

"मग उजवीकडचा!"

"तिथे विजेच्या तारा!"

तेवढ्यात इंजिन बंद पडलं. पंखा थांबला. एकदम शांतता! हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येऊ लागले. किल्ला आमच्या बरोबरीला आला. तटावरची शेळी चघळायची थांबून माझ्याकडे बघत होती. मागून धनसिंग भाऊंचा आवाज आला, अगदी बारीक. "एकदाच जमेल. चुकलं की संपलं."

मी देवाचं नाव घेतलं आणि ओरडलो, "सगळ्यात जाड धुरावर घ्या!"

नाक खाली गेलं. तारा चाकांना वीतभर चुकल्या. तुरीचं शेत, बांध, माणसं पळताहेत, पुऱ्यांची परात हवेत! आपटलो, उडालो, पुन्हा आपटलो आणि आगटीपासून दोन हातांवर थांबलो. चाकं शाबूत! पंख शाबूत! लुगड्याचं ठिगळसुद्धा शाबूत! फक्त ती पट्टी नव्हती, जीवराम आबांचा मळा होता.

साहेब जीप पळवत आले. विमानाभोवती तीन फेऱ्या मारल्या. "धड उतरलंय, पण भलतीकडेच!"

मी पुढे झालो. "साहेब, धड उतरायचं ठरलं होतं. कुठे, ते तुम्ही कुठे म्हणालात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग भरताकडे. दोन घास खाल्ले आणि सही केली. धनसिंग भाऊंच्या डोळ्यांत पाणी! मला मिठी मारून म्हणाले, "नाना, आज तुम्ही विमानात नसता तर..."

काल ओट्यावर गोष्ट इथवर आली, तशी पंधराच्या पंधरा माणसं पुढे सरकून बसली. आणि दुधाची किटली घेऊन आलेली आमच्या गावची भिकुबाई कमरेवर हात ठेवून ओरडली,

"ओ लोटन नाना! त्या दिनले जीवराम आबाना मळामा पुऱ्या मी तळेल व्हत्यात! इमानमाईन एकटा धनसिंग भाऊ उतरना. तुम्ही तर पट्टीवर धूर कराना सोडीसन आमना आगटीवर वांगा भाजी राह्यना व्हतात!"