रास्पबेरीचा पाला आणि आमची गोड बातमी

घरगुती औषधांत माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचाय! म्हणूनच घसा पार बसला तेव्हा मी डॉक्टरकडे न जाता थेट वनौषधींच्या दुकानात गेलो. रास्पबेरीच्या पानांच्या काढ्याने गुळण्या केल्या की घसा सुटतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते विचारू नका.

"कुणासाठी हवाय पाला?" दुकानदारबाईंनी विचारलं.

माझ्या घशातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. त्यांना त्यातलं "घरी" एवढंच कळलं.

"अगंबाई, अभिनंदन! बाळंतपण सोपं जावं म्हणून पूर्वीपासून याच पाल्याचा चहा देतात हो!"

मी दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' केलं. त्यांना वाटलं, लाजतोय! हसत हसत त्यांनी पाल्याचा पुडा माझ्या पिशवीत टाकला. आणि माझ्या मागे नेमक्या आमच्या ऑफिसातल्या कॅशियरबाई उभ्या होत्या. माझ्या मेहुणीची जिवलग मैत्रीण!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरतो तर टाळ्या!

"या वयात? कमाल आहे बुवा तुमची!" साहेब म्हणाले.

आमच्या बायकोची पन्नाशी उलटलेली! मी घाईघाईने कागदावर लिहिलं, 'बायकोचा काही संबंध नाही. चहा मला हवाय.'

साहेबांनी कागद वाचला. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. मग उठून मुकाट्याने स्वतःची खुर्ची मला दिली.

संध्याकाळी घरी पोचतो तर दारात सासूबाई, बॅगेसकट! बायको पाण्याची बादली उचलत होती.

"ठेव ती खाली!" सासूबाई कडाडल्या. "आईला कळवायचं नाही होय गं? बाहेरून कळायचं आम्हाला?"

"काय कळायचं?" बायकोने विचारलं. "तुला दिवस गेलेत ते!" सासूबाई म्हणाल्या, तशी बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेपुढे मी पिशवीतला पाल्याचा पुडा काढून ठेवला, घशाकडे बोट दाखवलं, गुळण्यांचा अभिनय केला. बायकोच्या लक्षात सगळा घोळ आला. तिने आईला समजावून सांगितलं.

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाल्या, "तरीच! म्हटलं, आपल्या जावईबापूंच्या हातून एवढं कसं झालं?"

मी आशेने बायकोकडे पाहिलं. जन्माची जोडीदारीण, आता तरी माझी बाजू घेईल!

ती पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "आई, हळू बोल ना. त्यांचा आवाज बसलाय, कान नाही!"