गार भट्टीचे तीनशे वीस

विष्णुपंतांची भट्टी बंद केल्यावर जास्तच तापू लागली, तेव्हा खरं तर दोष गुरुदत्तच्या पेटीवर यायला हवा होता. तो आला भगवंतमामांवर, आणि मामा तर गेल्या दिवाळीतच वारले होते.

आनंदनगरातल्या त्या कारखान्यात टेबलफॅनच्या जाळ्या रंगवून भट्टीत भाजत. भट्टी मामांच्या ताब्यात. 'काढू अजून एक फेरी' म्हणत ते ती बंद म्हणून करू द्यायचे नाहीत. दारावर पाण्याचा शिंतोडा मारायचा. चर्र वाजलं तर गरम, ओघळलं तर गार, एवढंच त्यांचं शास्त्र. त्यांच्यामागे विष्णुपंतांनी गुरुदत्तकडून तापमान दाखवणारी पेटी बनवून घेतली. गुरुदत्तने कंपनीतली चांगली नोकरी सोडून हा उद्योग मांडलेला. ही त्याची पहिलीच पेटी, आणि ती परत आली असती तर सासरेबुवांनी त्याला जन्मभर ऐकवलं असतं.

पेटी दिवसभर शहाण्यासारखी चालली. संध्याकाळी मामांच्या जागी आलेल्या नाथाने भट्टीचा स्विच पाडला आणि आकडे उतरू लागले. एकशे दोन, एकशे एक, शंभर. आणि मग एकदम नऊशे नव्वद.

नाथा हसला आणि घरी गेला. सकाळी येऊन बघतो तर रात्रभर बंद असलेल्या भट्टीवर तीनशे वीस. त्याने शिंतोडा मारला. पाणी मुकाट्याने ओघळलं.

"मामांनी फेरी लावलीय," तो हलक्या आवाजात म्हणाला.

जाळ्या टांगणाऱ्या वेणूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "दार गार नि आत तीनशे? ही आपल्यातली गरमी नाय रे नाथा."

त्या दिवशी भट्टीकडे कुणी फिरकेना. जाळ्यांची ऑर्डर दिलेला शेठ फोनवर फोन करत राहिला. शेवटी विष्णुपंतांनी गुरुदत्तला बोलावून घेतलं.

"हे बघ, माझा काही भुताखेतांवर विश्वास नाही," ते भट्टीपासून चांगले लांब उभे राहून म्हणाले. "पण तुझी पेटी यायच्या आधी मामा गप्प होते. सकाळपर्यंत त्यांना गप्प कर, नाहीतर पेटी उचल."

गुरुदत्तने घरी जाऊन पेटीचा सी भाषेतला प्रोग्रॅम उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. तापमान शंभराच्या खाली आलं की दोनच आकडे लिहिले जात, आणि तिसऱ्या घरातलं शंभराचं शून्य कुणी पुसतच नव्हतं. बत्तीसच्या शेपटीला तेच चिकटून बसलेलं. आकडा लहान असला तरी तिन्ही घरं भर, हे सांगायला आकडा लिहायच्या ओळीत टक्क्याची खूण आणि डी यांच्यामध्ये एक तीन टाकावा लागला, बस्स.

"भूत मेलं," तो बायकोला म्हणाला.

"ते मेलेलंच असतं," उमा म्हणाली.

सकाळी सगळे लांब कोंडाळं करून उभे राहिले. पेटीवर स्वच्छ बत्तीस. गुरुदत्तने शून्याची भानगड नीट समजावून सांगितली. वेणूबाईंचा पदर खाली आला.

"म्हणजे मामा नव्हतेच?" नाथा म्हणाला. त्याला जरा वाईटच वाटलं.

"नव्हतेच," गुरुदत्त ऐटीत म्हणाला. "कालपासून भट्टी पेटवलेलीच नाही. मार, खुशाल शिंतोडा मार."

नाथाने बोटं बुडवून दारावर पाणी उडवलं.

चर्र.

नाथाने पुन्हा उडवलं. पुन्हा चर्र, आणि बारीकशी वाफ. पेटीवर बत्तीस. विष्णुपंत स्विच पाहून आले. तो बंदच होता. मग ते गुरुदत्तकडे वळले.

"भट्टी तापलीय, आणि तुझी पेटी म्हणते बत्तीस. म्हणजे पेटीच खोटी. काढ ती."

गुरुदत्तच्या डोळ्यांपुढे सासरेबुवा उभे राहिले. त्याने रुमालाने मान पुसली.

"पेटी बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "हे मामाच आहेत."