धुरपा टिटवीची चार अंडी आणि स्पॅनिशचा वर्ग

एका जंगलात धुरपा टिटवीवर कुणी म्हणता कुणी विश्वास ठेवला नाही. पोरांनो, खी खी करू नका. तुम्हीही ठेवला नसता.

नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूवर तिची चार अंडी होती. तिथंच बगळेगुरुजींचा स्पॅनिशचा वर्ग भरायचा. सिंहमहाराजांचा हुकूमच होता, स्पॅनिश आल्याशिवाय जंगल सुधारायचं नाही. गुरुजी चोचीनं वाळूवर क्रियापद लिहायचे. जनावरांनी त्याच्या उच्चाराचे तुकडे पाडायचे. तुकड्याला एक टाळी. जोर असेल तिथं पाय आपटायचा. झाली विद्या.

एका सकाळी धुरपानं वरून पाहिलं. वरच्या अंगाला हत्तींनी पाठ घासून घासून बांध फोडला होता. लाल पाणी धावत येत होतं. ती थेट बाळकू माकडापाशी उतरली. अंडी न फोडता उचलतील असे हात त्या वर्गात त्याचेच.

"बाळकू, बाबा, पाणी येतंय! माझी अंडी उचल अन् पळ. सगळेच पळा रे!"

"हात मोकळे नाहीत, अक्का. टाळ्या वाजवतोय."

वाळूवर लिहिलं होतं, 'उइर'. अस्वल म्हणे, एकच तुकडा. कोल्हा म्हणे, दोन. उ आणि इर, जोर इरवर. यावरून निम्मा वर्ग निम्म्या वर्गाच्या अंगावर गेला.

"अरे, पण त्याचा अर्थ काय?" धुरपा किंचाळली.

गुरुजींनी मान वाकडी केली. "अर्थ दुसऱ्या वर्षाला. तुमचा प्रवेशअर्ज आहे का, बाई?"

"पाण्याचा आहे का?"

अख्खा वर्ग हसला. बाळकूनं तर वर एक टाळी दिली.

तेवढ्यात पाणी आलं. अर्ज न भरता. गुरुजी तेवढे वेळेवर उडाले. बाकीचे गटांगळ्या खात काठाला लागले. अंडी कसली लागतायत काठाला?

मग चौकशी बसली. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक उघडलं. 'उइर' म्हणजे पळून जाणे. महाराज गंभीर झाले.

"महाराज," गुरुजी म्हणाले, "'पळा, पळा' हे हिनं आधीच ओरडून सांगितलं. दुसऱ्या वर्षाचा पेपर पहिल्या वर्षात फोडला!"

बाळकूनं हात जोडून साक्ष दिली. आता हात मोकळे होते.

तात्पर्य : पोरांनो, पाणी आलं तर ओरडू नका. आधी टाळ्या किती ते ठरू द्या. अर्थ काय, बुडाल्यावर सरकारी खर्चानं कळतोच. आणि दोषीचं नाव काठावरच्या पाटीवर लागतं. अजून आहे तिथं, जाऊन वाचा : धुरपा टिटवी.