टॉवरकडे पाठ

“पॅरिसला बसमधून उतरवून टूरवाले आपल्याला पंचवीस मिनिटं देणारेत. त्यातली दहा बाथरूमच्या रांगेत. उरली किती?” राजीवराव कर्णिकांनी विचारलं.

“तुम्हीच सांगा,” भेंडी चिरता चिरता कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“पंधरा. म्हणून फोटोंची तालीम हवी.”

आता कुणी म्हणेल, सहलीच्या फोटोंना तालीम कसली? पण राजीवरावांनी एका सरकारी खात्यात एकतीस वर्षं आगीच्या मॉक ड्रिल घेतल्या होत्या. खात्याच्या इमारतीला उभ्या आयुष्यात आग लागली नाही, ड्रिल मात्र दर तिमाहीला व्हायचीच. असा माणूस रिटायर झाला की घरच्यांनी काय ते समजून घ्यावं. बॅगा उचलायची तालीम झाली, पासपोर्ट काढून दाखवायची झाली, आता फोटोंची पाळी होती.

जागाही हेरून ठेवलेली. दिल्लीत, त्यांच्या मयूर विहारहून यमुना ओलांडली की सराय काले खाँपाशी ते पार्क आहे ना, भंगारातून जगातली आश्चर्यं उभी केलेलं? पॅरिसचा टॉवर, पिसाचा मनोरा, रोमचं कोलोझियम, ताजमहाल, सगळं एकाच कुंपणात. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, सरोजिनी नगरच्या बाजारातून घेतलेला लाल कोट बायकोला घालायला लावून राजीवरावांनी तिथे रीतसर तालीम घेतली.

“टॉवरकडे पाठ कर. हनुवटी खाली. हात असा, जसा टॉवर तळहातावर उभा आहे. अगं, हस ना!”

“आंटीजी, इस धूप में कोट?” पार्कच्या गार्डने काळजीने विचारलं.

“बेटा, हम पॅरिस में हैं,” कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. का नाही हसणार? ऊन छान होतं, संध्याकाळचा स्वयंपाक टळला होता आणि बाहेरची आलू टिक्कीची गाडी त्यांनी येतानाच बघून ठेवली होती.

एप्रिलमध्ये खरी सहल झाली. तिचं काय सांगायचं! नऊ दिवस, सहा देश, वरून पाऊस. पहाटे पाचला बस, आणि बसमधून पाय खाली टेकला की राजीवरावांचं “हनुवटी, हनुवटी!” सुरू. कुमुदिनीबाईंचे पाय सुजले, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, महाराष्ट्र मंडळाचा माइक.

मंडळात त्यांना बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षं साठ-साठ माणसांची साबुदाण्याची खिचडी करायची कुमुदिनीबाईंनी, आणि स्टेजवर मात्र हेमांगी देव! हेमांगीबाईंचे चौदा देश झालेले. प्रत्येक देशानंतर त्यांचं फोटोंसकट प्रवासवर्णन ठरलेलं. गेल्या वर्षी कुमुदिनीबाईंनी त्यांना मध्येच एक साधा प्रश्न विचारला, तर त्या माइकवरूनच म्हणाल्या, “कुमुदिनीताई, खिचडी झाली का हो?” सगळा हॉल हसला. ते जिव्हारी लागलं होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांना त्या माइकवर उभं राहायचं होतं.

मंडळाने जूनमधला एक शनिवार दिला. खिचडी पहिल्यांदाच सेक्रेटरी वैभवीकडे गेली. कुमुदिनीबाईंनी वहीत बारा पानं अलंकारिक भाषेत लिहून काढली. फोटो पडद्यावर दाखवायचं काम मुलीकडे, शिवांजलीकडे आलं. ती नोएडाला आयटी कंपनीत.

“मम्मी, पप्पांच्या मोबाइलमध्ये फेब्रुवारीपासूनचे टोटल एकोणीसशे फोटो आहेत यार! कधी बघू मी एवढे?”

“चांगले चांगले निवड ना, बाळा.”

“चलो, लॅपटॉपलाच सांगते. ज्यात तुझे डोळे उघडे आहेत आणि तू हसतेयस, तेवढेच काढून दे म्हणून. बिल्कुल दोन मिनिटांचं काम आहे.”

लॅपटॉपने चाळीस फोटो काढून दिले. शनिवारी शिवांजली ऑफिसातून थेट हॉलवर पोचली, तेव्हा कार्यक्रमाला चार मिनिटं उरली होती. ते चाळीस फोटो कुणीही पाहिले नव्हते. आयुष्यभर तालमी घेणाऱ्या माणसाने नेमकी हीच तालीम घेतली नव्हती!

कुमुदिनीबाई नवी नारायणपेठी नेसून माइकसमोर उभ्या राहिल्या, पडद्याकडे पाठ करून. तशी सवयच लागली होती त्यांना.

“पॅरिस!” त्यांनी वाचायला सुरुवात केली. “या नगरीत पाऊल ठेवताच अत्तराचा मंद मंद दरवळ...”

पडद्यावर लाल कोटातल्या कुमुदिनीबाई प्रसन्न हसत होत्या. मागे टॉवर. टाळ्या पडल्या. दुसरा फोटो आला. त्यात टॉवरच्या मागून पिसाचा मनोरा डोकावत होता.

“अय्या, पिसा इटलीत ना?” वैभवी कुजबुजली.

“झूम केलंय,” पहिल्या रांगेतून राजीवराव म्हणाले.

“फ्रेंच माणूस मितभाषी, पण सौंदर्याचा भोक्ता,” कुमुदिनीबाई वाचत होत्या. मागे तिसऱ्या फोटोत डोक्यावर टोपली घेतलेला शेंगदाणेवाला उभा होता. चौथ्यात ताजमहाल आला. हॉलमध्ये खसखस पिकली. बाईंना वाटलं, आपलं भाषण रंगतंय. त्यांनी आवाज आणखी चढवला. राजीवराव शिवांजलीला हातवारे करत होते, पण तिला ऑफिसचा कॉल आला होता. ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती आणि फोटो आपले आपोआप पुढे सरकत होते.

शेवटी हेमांगीबाई उठल्या. “कुमुदिनीताई, राग मानू नका हं, पण तुम्ही पॅरिसला खरंच गेला होतात ना? हे तर आपलं सराय काले खाँ आहे.”

कुमुदिनीबाई वळल्या. पडद्यावर त्या स्वतः आलू टिक्कीची प्लेट हातात धरून हसत होत्या. बावीस वर्षांनी मिळालेला माइक, आणि त्याची ही गत! त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आधारासाठी नवऱ्याकडे बघितलं. राजीवरावांनी सवयीने मोबाइल उचलला आणि हनुवटी खाली घ्यायची खूण केली.

बाईंनी वही फटकन मिटली.

“गेले होते हो पॅरिसला! पंचवीस मिनिटं! दहा रांगेत आणि पंधरा टॉवरकडे पाठ करून. टॉवर कसा आहे? मला काय माहीत! मी बघितलं ते ह्यांचं कोपर आणि मोबाइल. पिसाला तो मनोरा सतरा वेळा धरायला लावला. मनोरा वाकडा तो वाकडाच राहिला, माझा खांदा मात्र गेला. स्वित्झर्लंडला बर्फात उभं करून म्हणतात, कोट काढ, साडी दिसू दे! आणि फ्रेंच माणूस मितभाषी का काय ते मला विचारू नका. मला एकच भेटला, त्याने हातानेच सांगितलं, बाई, बाजूला व्हा! नऊ दिवसांत एकदा हसू आलं नाही मला. आलं ते सराय काले खाँला. कारण तिथे टिक्की होती!”

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. “आमच्याकडेपण सेम!” मागून कुणीतरी ओरडलं. वैभवी डोळे पुसत होती. वीस मिनिटांचा कार्यक्रम पाऊण तास चालला. एवढ्या टाळ्या हेमांगीबाईंना चौदा देशांत मिळून पडल्या नव्हत्या. खिचडी झाली का बघायला त्या स्वतःच उठून गेल्या.

राजीवरावांनी मात्र दोन दिवस मोबाइलला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चहा ढवळत त्यांनी विचारलं, “कुमुद, खरंच एकदाही नाही बघितलास टॉवर?”

“एकदाही नाही.”

रविवारी ऊन कलल्यावर ते तिला पुन्हा त्या पार्कात घेऊन गेले. “आज पाठ नको करू,” ते म्हणाले. “बघ. हवा तेवढा वेळ बघ.”

कुमुदिनीबाईंनी भंगाराचा तो टॉवर खालपासून शेंड्यापर्यंत निवांत न्याहाळला. “छान आहे हो. खरा असाच दिसतो का?”

राजीवराव म्हणाले, “मला तरी कुठे आठवतंय? मी तुझी हनुवटीच बघत होतो.”

बाईंना असं हसू फुटलं की गार्ड धावत आला. “अहो, आत्ता काढा! हा फोटो काढा!” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

“मोबाइल मुद्दाम घरी ठेवून आलोय,” राजीवराव ओशाळून म्हणाले.

“कर्म माझं! नेमका आजच?” बाईंनी कपाळावर हात मारला. मग पदर खोचून त्या टिक्कीच्या गाडीच्या दिशेने चालू लागल्या. “राहू दे. ही तालीम समजा. पुढच्या रविवारी परत यायचं.”