नळाने प्यालेला हंडा

चांगुणाबाईंनी उलटं चालायला साफ नकार दिला.

“मी भुतंबितं मानत न्हाई,” डोक्यावरचा रिकामा हंडा खाली आदळत त्या म्हणाल्या, “आन तू मलाच भूत करतीस व्हय गं?”

“आत्या, तू फकस्त उलटी चाल,” प्रज्ञा काकुळतीला आली. “मंग मी कॅसेट उलटी फिरवीन. म्हंजी तू दिसशील सरळ चालताना, आन समदं गाव मागं मागं जाताना.”

“मंग मी सरळच चालते की. तेवढीच कॅसेटची फिरवाफिरव वाचंल.”

यावर प्रज्ञाकडे उत्तर होतं, पण ते आत्याला पटण्यातलं नव्हतं. ती नगरच्या एका कॉलेजात पत्रकारितेची पदविका करत होती आणि गावाच्या विकासावर पाच मिनिटांची फिल्म करायची, असा प्रकल्प तिच्या वाट्याला आला होता. त्या वर्षी नगरमध्ये घरोघरी केबल शिरली होती आणि तिच्यावर दिवसभर गाणी चालायची. बाकीच्या मुली गाणाऱ्यांचे कपडे बघत, प्रज्ञा मात्र हे दिग्दर्शकाने केलं कसं असेल, याचाच विचार करत बसे. एका गाण्यात गाणारा ऐटीत पुढे चालला होता आणि मागचं सगळं शहर उलट्या पावली चाललं होतं. हे गौडबंगाल तिला एका लग्नाच्या कॅसेटने उलगडून दिलं. ती मागे फिरवताना पंगतीतले पाहुणे तोंडातून जिलेब्या काढून पानात ठेवू लागले, तेव्हा प्रज्ञा पलंगावरून उठून उभीच राहिली.

प्रकल्पाच्या सरांना यातलं काहीच रुचलं नव्हतं.

“विकासाची फिल्म म्हणजे निवेदन, सरपंचांची मुलाखत आणि शेवटी सूर्यास्त,” ते म्हणाले होते. “हे गाणीवाले दिग्दर्शक तुझे गुरू कधीपासून झाले?”

“सर, ती माणसं पाच मिनिटांत सगळं सांगतात. तुम्हीही पाचच मिनिटं दिलीत.”

“नापास करीन.”

“करा,” प्रज्ञा म्हणाली खरी, पण नापास होणं तिला परवडणारं नव्हतं. पदविका मिळाली तर केबलच्या बातम्यांत नोकरी मिळण्यासारखी होती. नाही मिळाली, तर वडिलांनी सोनईचं एक स्थळ आधीच बघून ठेवलं होतं.

शेवटी पदविकेचं नाही, पण त्या स्थळाचं नाव काढल्यावर आत्या उलटं चालायला तयार झाल्या. ते स्थळ त्यांनाही पसंत नव्हतं.

मुहूर्तही आयता सापडला. आत्यांच्या वस्तीवर विहारासमोर नवा नळ बसवला होता आणि सरपंच वैजनाथराव त्याचं उद्‌घाटन करणार होते. म्हणजे गर्दी फुकटात. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मच्छिंद्रचा. वैजनाथरावांना कळल्यावर तेही हरखले.

“पोरी, काय घ्यायचं ते घे,” ते म्हणाले, “पन मी जीपमधनं उतरल्यापासनं कॅमेरा बंद न्हाई करायचा.”

जीप आली. वैजनाथराव उतरले, गळ्यात हार पडला, फीत कापली गेली. त्यांनी नळ सोडला आणि पहिला हंडा चांगुणाबाईंनी भरून घेतला. भरला हंडा डोक्यावर घेऊन, तोंड नळाकडेच ठेवून, त्या एक एक पाऊल मागे टाकत निघाल्या. गावातल्या झुंबरबाईंना राहवलं नाही.

“आक्का, नवस हाय का?”

“नवसबिवस आमी करत न्हाई. भाचीचं कालेज हाय.”

एवढ्याने झुंबरबाईंचं समाधान झालं नाही, पण आक्का चालतेय म्हणजे त्यात काहीतरी लाभ असणार, असं वाटून त्याही उलट्या चालू लागल्या. त्यांच्यामागे आणखी चार बायका निघाल्या, मग पोरं निघाली. सगळेच उलटे चालले तर फिल्ममध्ये सगळेच सुलटे दिसणार! प्रज्ञा हातवारे करत ओरडत सुटली, “सरळ चाला! ओ मावशी, सरळ चाला!” मच्छिंद्र नवरानवरीच्या सवयीने तिलाच म्हणाला, “ताई, जरा हसा की.” तेवढ्यात आत्यांची टाच दगडावर पडली, हंडा हिंदकळला, झुंबरबाई आपादमस्तक भिजल्या आणि लाभ बघायला आलेली मंडळी आपोआप सरळ चालू लागली. शॉट मिळाला.

नळ दुसऱ्या दिवशी बंद पडला. वस्तीला तेव्हा कळलं की नळामागच्या टाकीत टँकर ओतला होता आणि त्या टाकीला पाइपलाइन जोडलेलीच नव्हती.

मच्छिंद्रच्या दुकानात दोन व्हीसीआर जोडून दोघं कॅसेट उलटी उतरवायला बसली. प्रज्ञाला चालण्याचाच तुकडा हवा होता. आत्या तुरुतुरु पुढे निघाल्या, गाव मागे सरकू लागलं, आणि प्रज्ञाला इतका आनंद झाला की कॅसेट थांबवायचं भानच राहिलं नाही. पडद्यावर आत्या भरला हंडा घेऊन नळापाशी पोचल्या. हंड्यातलं पाणी उठलं आणि नळात शिरलं. नळाने हंडा कोरडा केला. वैजनाथरावांनी हसत नळ बंद केला, कापलेली फीत सांधली, गळ्यातला हार परत केला आणि जीपमध्ये बसून ते उलटे निघून गेले.

मच्छिंद्र आधी पोट धरून हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

“ताई, हे काढून टाका. मला लग्नाच्या ऑर्डरी गावातनंच मिळत्यात.”

“राहू दे,” प्रज्ञा म्हणाली. “हीच फिल्म हाय. वर हलगीचा आवाज टाक.”

फिल्म गावाला दाखवायची, असा प्रकल्पाचा नियमच होता. विहाराच्या अंगणात टीव्ही लागला. सर आणि वैजनाथराव पहिल्या ओळीत बसले. आत्या चालू लागल्या तेव्हा टाळ्या पडल्या. नळ हंडा पिऊ लागला तेव्हा टाळ्या थांबल्या आणि माना पुढे झाल्या. चांगुणाबाई मोठ्याने म्हणाल्या, “आसंच तर झालंय की!” आणि सगळं अंगण खदखदून हसलं.

वैजनाथराव लालबुंद झाले. “कॅसेट उलटी लावलीया! सुलटी लावा!”

“लावते,” प्रज्ञा उठून उभी राहिली. तिने नळाकडे बोट केलं. “पण कुठली खरी ते आधी नळाला विचारू, चला.”

नळ समोरच होता. वैजनाथरावांनी तावातावाने तो पिळला. नळ खोकला आणि गप्प बसला. मच्छिंद्रचा कॅमेरा वैजनाथराव जीपमधून उतरल्यापासून सुरूच होता.

“मच्छिंद्र, बंद कर!”

“अण्णा, तुमीच म्हनला हुता, बंद न्हाई करायचा.”

तालुक्याला ही गोष्ट पोचायच्या आत वस्तीवर पाइप आले, खोदाई झाली आणि नळाला पाणी आलं. चांगलं धो धो आलं.

नापासचा शेरा त्याच आठवड्यात मिळाला. प्रज्ञा तडक सरांच्या खोलीत गेली.

“फिल्ममध्ये नळ कोरडा आहे,” सर चष्मा पुसत म्हणाले, “प्रत्यक्षात पाणी आहे, मी चौकशी केली. फिल्म वस्तुस्थितीला धरून नाही. पुन्हा कर.”

“करते. वस्तीचा रस्ता अजून झालेला नाही.”

हे बोलणं गावात कसं पोचलं कोण जाणे. मच्छिंद्र कॅमेरा घेऊन वस्तीवर आला तेव्हा रस्त्यावर मुरूम पडलेला होता आणि रोलर फिरत होता. वैजनाथराव स्वतः छत्री घेऊन उभे होते. प्रज्ञाने कपाळाला हात लावला. सोनईच्या स्थळानेही एव्हाना निरोप धाडला होता की एवढी तिखट सून आम्हाला झेपायची नाही.

“आता गं?” ती आत्यांना म्हणाली. “मी पास हुयाचं कसं?”

चांगुणाबाईंनी हंडा नळाखाली लावला आणि शांतपणे तिच्याकडे पाहिलं.

“एवढ्यात कशाला पास हुतीस, प्रज्ञे? शाळेचं छप्पर राहिलंय.”